राऊळांच्या बंदुकीचा दस्ता

गुणाजी राऊळ बंदूक घेऊन आमच्या पडवीत आला तेव्हा मी रंध्याच्या पात्याला धार लावत बसले होते. बंदूक त्याने जुन्या लुगड्यात गुंडाळली होती आणि आजारी पोर आणावं तशी छातीशी धरली होती. ओट्यावर टेकला, लुगडं सोडलं आणि माझ्याकडे न बघता आमच्या मालकांना म्हणाला, “मेस्तरी, दस्तो बदलूचो आसा. घट बसायच्या आदी होयो.”

मालक खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, “बदलूक हरकत नाय. पण हात हिचे. माका आता नुसता तोंड उरलाहा.”

खरंच होतं ते. दोन वर्षांपूर्वी मालकांची उजवी बाजू लकव्याने गेली आणि घरातली हत्यारं माझ्या हातात आली. ते खाटेवरून सांगत, मी करी. बाईमाणूस पटाशी धरते म्हणून वाडी आधी पोटभर हसली. मग कुणाची दारं लटकली, कुणाचे नांगर मोडले, आणि पंचक्रोशीत दुसरा सुतार नव्हता. हसणं आपोआप थांबलं. मला त्याचा ताठा चढला होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

गुणाजीने आता माझ्याकडे पाहिलं. “मेस्तरणी, जमात?”

“दार जमता, बंदूक काय मोठी लागान गेली?” मी म्हटलं.

ती ठासणीची बंदूक होती. तोंडातून दारू ओतायची, गजाने ठासायची, मागच्या बाजूला बारीक भोक असतं त्याला कान म्हणतात, त्यावर केप बसवायची. घोडा केपेवर आपटला की कानातून ठिणगी आत जाते आणि बार निघतो. राऊळांच्या चार घरांची मिळून ती एकच बंदूक. दसऱ्याला देवीची तरंगं, म्हणजे लुगडी नेसवलेले देवखांब, देवळातून बाहेर पडताना पहिला बार राऊळांचा, असा मान. हा मान आणि त्याबरोबर बंदूक, चार घरांत पाळीपाळीने फिरे. गुणाजीचा चुलतभाऊ मोतीराम बोटीवर खलाशी होता, वर्षानुवर्षं गावात नसायचा. बाकीच्या दोन घरांत बार काढणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून सगळ्यांची पाळी गुणाजीनेच सांभाळली आणि अशी सलग बारा वर्षं बंदूक गुणाजीच्या खुंटीला राहिली. यंदा मोतीराम बोट सोडून कायमचा घरी आला होता. येत्या दसऱ्याला बार तो काढणार होता.

“बारा वर्सां माझ्या हातात होती,” गुणाजी म्हणाला. “आता तेका देवची. देतलंय. पण अशी देतलंय की गाव जलमभर याद काढीत.”

हे म्हणताना तो हसला नाही. मग त्याने कनवटीतून गाठी मारलेली सुतळी काढली. “हा माप. मोतीरामाचा. कोपरापासून बोटापर्यंत, आणि खांद्यापासून गालापर्यंत. तेच्या मापाचो दस्तो कर. पण तेका सांगा नको.”

“तेका न सांगता माप कसा घेतलास?”

“दुपारचो निजललो, तेवा घेतलंय.”

निजलेल्या माणसाचं माप आमच्यात एकाच कामासाठी घेतात, तिरडीसाठी. मी सुतळी घेतली आणि पाटावर ठेवली.

उठता उठता तो म्हणाला, “आणि एक. लाकूड नळीखालसून पार तोंडापर्यंत न्हे. नळीचा पोट कोणाक दिसता नये.”

तो गेल्यावर मालकांनी सुतळीच्या गाठी डाव्या हाताने चाचपल्या. मग कामाचं बोलू लागले. तरुणपणी ते मुंबईला बोटी बांधायच्या कारखान्यात होते. तिथे लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून बोटीच्या फासळ्या करत. “अखंड लाकूड पावसात फुगता, उनात तडकता,” ते म्हणाले. “आपण थर घालूया. फणसाचे तीन, शिसवाचे दोन. एकाची शीर हकडे, दुसऱ्याची थकडे. मगे तेका काय एक होवचा नाय.”

असा दस्ता आमच्या भागात कुणी केलेला नव्हता. मी हुरळून गेले. माळ्यावर जुन्या दाराचा फणस होता, वाळून वाळून हाडासारखा झालेला. शिसवाची एक फळी मालकांनी लग्नाच्या आधीपासून जपून ठेवली होती, ती त्यांनी काढायला लावली. पट्ट्या मी अर्ध्या बोटाच्या केल्या, रंधा मारून अशा सपाट की दोन पट्ट्यांच्या मधून उजेड दिसेना. दोन डब्यांतला मिसळून लावायचा तो मुंबईचा डिंक, तोही मालकांच्या पेटीत होता. थर चढवले, पाच शिकंजे आवळले, वर काथ्याची दोरी पिळून बांधली. तीन दिवस त्याला हात लावायचा नाही असा हुकूम. तिसऱ्या दिवशी सोडून पहिला रंधा मारला तेव्हा पिवळ्या फणसात शिसवाचे काळे पट्टे उमटले, आणि मी मालकांना खाटेवर बसवून ते दाखवलं. “बरा जमला,” एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून तेवढं पुष्कळ.

मग जुना दस्ता उतरवायला घेतला. नळी दस्त्याला धरून ठेवणाऱ्या पिना गंजून लाकडाशी एकजीव झाल्या होत्या. काही केल्या निघेनात, शेवटी कापून काढल्या. नळी मोकळी झाली. तिच्या पोटावर घट्ट मळ होता, तो मी घासलेटाने पुसला आणि माझा हात तिथेच थांबला.

कानाच्या जरा पुढे, बोटभर लांबीची चीर होती. कुणीतरी तीत शिसं ठोकून भरलं होतं आणि वरून काळी लाख फासली होती. नळी उजेडात धरली तर काहीच दिसत नव्हतं. नख फिरवलं की कळत होतं.

मी नळी मालकांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

“फुटलीहा,” ते म्हणाले.

“आणि तो म्हणता, पोट कोणाक दिसता नये.”

“सुगंधा, भलता काय मनात आणू नको.”

“भलता? निजलेल्या माणसाचा माप घेता, भावाच्या मापाचो दस्तो करून घेता, फुटकी चीर लाकडाखाली झाकूक सांगता. बारा वर्सांची सवय, सुटणा नाय तेका. मोतीरामाच्या तोंडावर ही नळी फुटली की मान परत कोणाच्या घरात?”

आम्ही राऊळांच्या भाटात राहत होतो. घराखालची जमीन गुणाजीची होती, त्याच्या बापाने मालकांच्या बापाला तोंडी दिलेली. तो उठा म्हणाला असता तर लकव्याचा माणूस घेऊन मी कुठे गेले असते?

“मोतीरामाक सांगूया,” मी म्हटलं.

“आणि गुणाजी म्हणालो, माझी नळी बरी होती, मेस्तरणीन काढताना फोडल्यान, मगे? पिना कोणी कापल्यो?” ते म्हणाले. “त्यापरास तू गुणाजीकच दाखव. नळी तेच्या हातात दी, अंगठो धरून फिरव. बघ काय म्हणता.”

आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, त्या खाटेवरच्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी गुणाजी काम बघायला आला. दस्त्याचे पट्टे बघून त्याचं तोंड उजळलं. त्याने तळहात फिरवला, गाल लावून पाहिला, म्हणाला, “मोतीरामाक हातात घेव दी एकदा, मगे बघ.” नळी मी पोत्याखाली झाकून ठेवली होती. ती काढायच्या आधी मी म्हटलं, “दादांनु, नळीचा जरा बघूक होया.”

त्याचा चेहरा एकदम बदलला. “नळी माझ्या बापाशीची आसा. तिची चौकशी सुतारान करूची नाय. तू लाकडाचा बघ.”

झालं. माझं डोकं सणकलं. चोराच्या तोंडून कबुली निघावी तसं मला ते वाटलं आणि मी पोत्याला हातसुद्धा लावला नाही. मालकांनी खाटेवरून खाकरून मला खूण केली, तीही मी पाहून न पाहिल्यासारखी केली.

त्याच संध्याकाळी मोतीराम आला. धाकट्या मुलीचा पाट मोडला होता, तो घेऊन. बोटीवर राहून त्याची चाल झुलती झाली होती आणि बोलणं हळू. मी खिळे ठोकत असताना उंबऱ्यावर बसून म्हणाला, “वयनी, खरा सांगू? माका बाराची धडकी भरता. चार वर्सांचो असताना एकदा बंदुकेजवळ उभो रवललंय, अजून कानात वाजता. पण दादा म्हणता, मान सोडूचो नाय.”

“दादा म्हणता?”

“तोच तर मागे लागलोहा. मी म्हटलंय, तुझ्याकडेच रवांदे, माका नको. आयकणा नाय.”

मी पाट त्याच्या हातात दिला. ओठांवर आलेलं गिळलं. त्याच्या दोन मुली कुंपणाच्या बेड्याबाहेर खेळत होत्या, त्यांना घेऊन तो गेला. रात्रभर मला एकच दिसत होतं: हा गालाला दस्ता लावतो आणि मुली बघतायत.

मग मला सुचलं. बंदूक फुटायला बार तर निघायला हवा? घटस्थापनेच्या दिवशी बंदूक देवीपुढे ठेवतात आणि दसऱ्यापर्यंत तिला कुणी शिवत नाही, चाचणीचा बारही नाही. म्हणजे माझ्या हातातून गेली की ती थेट दसऱ्याला मोतीरामाच्या हातात. दस्ता बसवला, नव्या पिना मारल्या, तेल पाजलं. मग उरलेल्या डिंकात शिसवाचा भुसा कालवला आणि सुईच्या टोकाने बंदुकीच्या कानात दाबून दाबून भरला. सकाळपर्यंत तो दगड झाला. वरून काजळी लावली. आता केपा कितीही फुटोत, ठिणगी आत जाणार नाही. बार निघणार नाही, लोक चार दिवस हसतील, बंदूक लोहाराकडे जाईल, त्याला चीर दिसेल. कुणाचा जीव जाणार नाही आणि माझं नावही येणार नाही. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. मालकांनासुद्धा सांगितलं नाही.

दसऱ्याला दुपार कलताना गाव देवळापुढे जमला. बायका एका अंगाला, मी त्यांच्यात मागे. तरंगं दारात येऊन थांबली, ढोल वाजू लागले. गुणाजीने देवीपुढची बंदूक उचलून सगळ्यांसमोर मोतीरामाच्या हातात दिली. लोक पट्टे बघून पुढे वाकले. मोतीरामाने ती खांद्याला लावली आणि दस्ता त्याला असा बसला, जणू त्याच्याच अंगाचा. तो चकित होऊन गुणाजीकडे बघायला लागला. गुणाजीने नुसती मान हलवली.

दारू भरली, गजाने ठासली, केप बसली. घोडा पडला. टक्.

दुसरी केप. टक्. तिसरी. टक्.

ढोल बंद झाले. मोतीरामाला दरदरून घाम फुटला होता. मी मनात म्हटलं, झालं, वाचला.

तेवढ्यात गावच्या मानकऱ्यांतला सगळ्यांत म्हातारा, आपा घाडी, काठी टेकत पुढे आला. “देवी दारात थांबलीहा,” तो म्हणाला. “बार चुकवन भायर काढूची नाय. नव्या हातान निघालो नाय तर आदल्या हातान काढूचो. आमच्या आज्याच्या टायमार असाच झाल्ला.”

हा नेम मला माहीत नव्हता. माझ्या सासऱ्याच्या हयातीतसुद्धा बार कधी चुकला नव्हता, मग कोण सांगणार? मोतीरामाने सुटल्यासारखी बंदूक पुढे केली. “दादा, तूच काढ.”

आता हा म्हणेल काहीतरी, असं मला वाटलं. हात दुखतो म्हणेल, चक्कर येते म्हणेल. गुणाजीने बंदूक घेतली. कानात सुई घालून पाहिली, जाईना. कुणीतरी तार दिली, ती दगडाने ठोकून त्याने कान मोकळा केला, फुंकर मारली. मग म्हणाला, “दारू गारठलीहा,” आणि आधीची आत असताना वरून आणखी एक माप ओतलं. ठासलं.

मी बायकांना ढकलत पुढे घुसले. “दादांनु, थांबा,” मी ओरडले, पण ढोल पुन्हा सुरू झाले होते. त्याने मला पाहिलं मात्र. मेस्तरीण आपल्या दस्त्याच्या काळजीने धावली असं त्याला वाटलं असावं. तो माझ्याकडे बघून हसला, दस्त्यावर दोनदा थोपटलं आणि मोतीरामाला हाताने मागे सारलं. मग त्याने गाल दस्त्याला टेकवला, अगदी निवांत, उशीवर टेकवावा तसा.

नळीचं पोट ज्याला माहीत आहे तो माणूस असा गाल टेकवत नाही. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. हे मला घोडा पडायच्या आधी कळलं.

गुणाजी जगला. डावा हात मनगटापासून गेला, उजवा डोळा गेला. जीपमध्ये घालताना मोतीराम त्याचं डोकं मांडीवर घेऊन लहान पोरासारखा रडत होता. देवळापुढे नळीचे तुकडे पडले होते. दस्ता तेवढा धड होता, त्याचा एकही थर सुटला नव्हता.

पोलीस आले, दारू जास्त झाली असं लिहून गेले. चार दिवसांनी म्हातारा लोहार आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि मालकांना म्हणाला, “त्या चिरेत शिसा मी घातललंय. गुणाजीच्या बापाशीन सांगल्यान, कोणाक बोला नको, मान जायत. गुणाजी तेवा रांगा होतो. पोट कोणाक दाखवूचा नाय, एवढाच बापाशीन तेका मगे शिकवल्यान. त्या दिसापासना दस्तो कोणी उतरल्यान नाय.”

“आणि फुटली नाय ती एवढी वर्सां?” मालकांनी विचारलं.

“कशी फुटतली? बाराक दारू लागता कितकी, मूठभर नाय. आजून तीस वर्सां गेली असती. दोन बार एकदम घातल्यार कशी रवतली?”

तो गेल्यावर मी मालकांना सगळं सांगितलं. डिंक, भुसा, सुई. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तिकडे बघतच म्हणाले, “आता सांगान तेचो हात येतलो काय?” तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

दिवाळी झाल्यावर मी गुणाजीला भेटायला गेले. न जाऊन चाललं नसतं. तो ओट्यावर बसला होता, मोतीराम शेजारी बसून त्याला पेज भरवत होता. मला बघून मोतीराम आत पाणी आणायला गेला.

“बस गो मेस्तरणी,” गुणाजी म्हणाला. “दस्तो बरो केल्लंस. तेका बघून माझो मोतीराम कसो बघी होतो, बघलंस मां?”

मी हो म्हटलं. आज सांगायचंच असं ठरवून मी आले होते.

“एक बरा झाला,” तो म्हणाला. “माझ्या हातात फुटली. तेच्या हातात फुटली असती तर गाव काय म्हणालो असतो? गुणाजीक मान सोडवलो नाय, तेणांच कायतरी केल्यान. मोतीरामाच्या दोनय चेडवांनी पण ताच म्हटला असता. मी कोणाकोणाक सांगत फिरलंय असतंय?”

त्याने उरलेला डोळा माझ्याकडे वळवला. “म्हणजे, तू होतंस म्हणा. दस्तो तू केलंस. माझ्या मनात काय होता ता तुका तरी ठावक होता.”

मोतीराम पाण्याचा तांब्या घेऊन आला. मी म्हटलं, “होय, दादांनु,” आणि पाणी प्यायले.